पिवळ्या थेंबांची चोरी

"कुठलाही गुन्हा माझ्यापुढे चोवीस तास टिकत नाही!" निवृत्त हवालदारांनी दारातच गर्जना केली. आतल्या इस्त्रीवाल्यानं अदबीनं त्यांना शेजारचं दार दाखवलं.

शेजारच्या प्रयोगशाळेत त्यांची मुलगी डोकं धरून बसली होती. नऊ वर्षं ती लाकूड कुजवणारी एक बुरशी बरण्यांत वाढवत होती. त्या बुरशीतून पाझरणारं पिवळं रसायन म्हणजे इतर बुरशांचा काळ. त्यातून पिकांसाठी औषध व्हायचं होतं. पण महिनाभर बरण्यांतलं पाणी कोरं. चार दिवसांनी, शुक्रवारी समिती येणार. थेंब दिसला नाही तर प्रयोगशाळेला कुलूप.

"बाबा, माझ्यामागे कोणीतरी बरण्या बदलतंय. मी संपले हो!"

"कुलूप?"

"शाबूत."

"किल्ली?"

"माझ्या गळ्यात."

"संशय?"

तिनं कोपऱ्यातल्या पन्नाशीच्या मदतनिसाकडे पाहिलं. "महिन्यापूर्वी याचा डबा खोलीबाहेर काढला. तेव्हापासून डूख धरलाय."

"डूख कसला, बाई? जिन्यात बसून जेवतो, पाठ धरलीय."

"फक्त डबाच काढलास?" हवालदारांनी मुलीला विचारलं.

"छे! कुजक्या मांडण्या फेकल्या, भिंती धुतल्या, बरण्या उकळल्या. आता इथं धुळीचा कणही सापडायचा नाही."

हवालदार एकेक बरणी पाहत गेले. सगळ्या पांढऱ्याफटक. शेवटचीत मात्र पिवळसर झाक होती आणि कडेला शिळ्या पावावर येतो तसा हिरवा ठिपका.

"ही?"

"झाकण तडकलं, घाण शिरली. टाकायचीय."

हवालदार खुर्चीत बसले. "पोरी, माझ्या हद्दीत एकदा वर्षभर चोरी झाली नाही. तेव्हा मी काय करत होतो?"

"घोरत होतात. आई सांगायची."

"तुझी बुरशीही घोरतेय. पिवळं रसायन ही तिची लाठी. दुसरी बुरशी अंगावर आली तरच उगारते. याच्या डब्यातून, त्या मांडण्यांतून शत्रू यायचे. तू सगळे तडीपार केलेस. तडकल्या बरणीत एक घुसला, तिथंच लाठी उठली. चोरी झालीच नाही. आरोपी तूच."

ती पांढरी पडली. मग तिनं तडकल्या बरणीतला हिरवा कण प्रत्येक बरणीत सोडला आणि तीन दिवस तिथून हलली नाही.

गुरुवारी बरणीबरणीत पिवळं कडं उमटलं. तिनं मदतनिसाला हात जोडले आणि बापाच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली.

"रड, पोटभर रड," हवालदार कळवळून म्हणाले. "फक्त माझ्या अंगठ्यावरचा पाय तेवढा काढ."