राखण ४.२

मी घाबरट नाही, हे आधीच सांगून ठेवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आले. म्हणून ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही विचारलंत, दिवा लागलेला आहे, आणि दारं तुम्हीच लावलीत, म्हणून सांगते.

दोन हजार नऊ साल. मी ठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. भिवंडीजवळ पूर्णा गावात धान्याचं एक मोठं गोदाम होतं आणि तिथल्या दारांची कुलपं आमच्या प्रोग्रॅमवर चालायची. कुठलाही प्रोग्रॅम एकटा उभा नसतो, त्याच्याखाली दुसऱ्या कुणी कुणी लिहिलेले पंचवीस-तीस सुटे भाग असतात. शेजारणीकडून विरजण आणावं तसे ते आणायचे आणि आपलं दही लावायचं. हे भाग जुने होतात, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात, आणि आपल्याला पत्ताच नसतो. तो लागावा म्हणून मी एक कमांड लिहिली होती. काळ्या पडद्यावर तिचं नाव टाइप केलं की ती ठाण्याच्या आमच्या मशीनला विचारून यादी छापायची: भागाचं नाव, इथं कितवी आवृत्ती, नवी कितवी, आणि पुढे शेरा, ताजं किंवा शिळं. कमांडचं नावही मी 'शिळं' ठेवलं होतं. ऑफिसात सगळे हसायचे, पण वापरायचे तीच.

त्या शुक्रवारी माझं काम साधं होतं. शिळं काय ते बघायचं, बदलायचं, आणि 'राखण' नावाचा एक भाग कायमचा काढून टाकायचा. हा भाग म्हणे विनाकारण कुरकुर करतो, चार नंबरचं दार बंदच होऊ देत नाही, ते हाताने ओढावं लागतं, अशी गोदामाच्या साहेबांची तक्रार होती.

मी बाराला पोचले. शुक्रवार म्हणजे कापडाचे लूम बंद, आणि त्यात लोडशेडिंग. रोजचा खडखडाट थांबला की भिवंडीच्या आसपास कान दुखतील इतकं शांत होतं. गोदामाला खिडकी नाही. बाहेर भर दुपारचं ऊन, पण शटरच्या आत दोन पावलांवर अंधार. वॉचमन भाऊ, साठीचे, गावचेच, त्यांनी मला ऑफिसात बसवलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, एक खुर्ची, आणि इन्व्हर्टरवर चालणारा कॉम्प्युटर. चार नंबरमध्ये किडीचं औषध टाकून मनोज नावाचा माणूस नुकताच बाहेर आला होता. त्या गोळ्यांतून हळूहळू विषारी वायू सुटतो, म्हणून तीन दिवस दार बंद ठेवायचं असतं. भाऊंनी शटर ओढलं, कुलूप घातलं. लसणासारखा वास खोलीपर्यंत आला होता.

मी कमांड चालवली. वीज नाही म्हणून इंटरनेटची फोनलाइनही मेलेली होती. ठाण्याशी संबंध नाही, तेव्हा प्रत्येक भागापुढे 'नवी: कळलं नाही' असंच येणार, हे मला ठाऊक होतं. तसंच आलं, सत्तावीस ओळी. अठ्ठाविसावी मात्र वेगळी होती.

राखण. इथं ४.१. नवी ४.२. शिळं.

मी वैतागले. आपल्याच कमांडमध्ये चूक निघाली की फार राग येतो. फोनची वायर सरळ उपटून काढली आणि परत चालवली. तेच आलं. नवी ४.२.

हे राखण कुणी लिहिलं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभ्या भाऊंना विचारलं. किशननं, असं ते म्हणाले. डोंगरावरच्या पाड्यातल्या सावळ्याचा मुलगा, इथं ऑपरेटर होता, फावल्या वेळात शिकून शिकून त्यानं हे केलं होतं. लहानपणी बापाबरोबर माळ्यावर बसून शेताची राखण करायचा, म्हणून नावही तेच. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते दाराशी टेकवायच्या गळ्यातल्या कार्डांवरून मोजायचं आणि माणूस आत असेल तर दार लावू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

"आकडा कसा वाचायचा ते त्यानं मला शिकवलं होतं," भाऊ म्हणाले. "आधी दाराचा नंबर, मंग माणसं. या ऑफिसला शून्य. आता एकटी तुमी हाय, म्हंजी शून्य पॉइंट एक."

मी पडद्याकडे पाहिलं. मी ज्याला आवृत्ती समजत होते, ती आवृत्ती नव्हतीच. चार नंबर. दोन माणसं.

मी विचारलं, "आणि ४.१?"

भाऊंनी चार नंबरच्या शटरकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते किशनचं. तीन वर्षांमागं चारमधी गेला. कार्ड आत गेल्याचं हाय... बाहेर आल्याचं न्हाय. समदा माल काढून बगितला, काय बी गावलं न्हाय. गुजरातला पळाला बोलतात. तवापासून मशीन एकच दावतो."

मी मोबाइलवरून साहेबांना फोन लावला. चार नंबरमध्ये माणूस दाखवतंय, उघडायला सांगा, म्हटलं. ते हसले. "एक ना? एक तर नेहमीच असतो. लावतोच आम्ही दार."

"आज दोन आहेत, सर."

"म्हणूनच ते काढून टाकायला तुम्हाला पाठवलंय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मनोज कुलूप उघडू देईना. आपण बॅटरी मारून बघितलंय, हजेरीही जुळलीय, आणि आता आत जाणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. पण तासाभरात आत वायू पुरता भरणार होता. मी भाऊंच्या कमरेची किल्ली ओढून घेतली. एवढी हिंमत कुठून आली, माहीत नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आणि माझ्या कमांडची चूक निघावी असंच मनापासून वाटत होतं.

शटर वर गेलं. मनोज तोंडाला मास्क लावून शिव्या घालत आत शिरला. बॅटरीचा उजेड गोण्यांवरून फिरत फिरत लांब गेला, वळला, दिसेनासा झाला. मी मनात आकडे मोजत होते. एकशे चाळीसला त्याची हाक आली.

मागच्या थप्पीच्या आड धोंडूबाई झोपली होती. झाडूवाली, रोजावरची. अंगात ताप होता म्हणून गारव्याला टेकली आणि डोळा लागला. मनोजनं आणि भाऊंनी तिला उचलून बाहेर उन्हात आणलं. ओकली, रडली, मग पाणी मागितलं. ती जगली. मी तिथंच जमिनीवर बसून ढसाढसा रडले, लाज न बाळगता.

भाऊ मात्र तिच्या गळ्याकडे पाहत होते. "ताई," ते हळूच म्हणाले, "रोजावरच्या बाईला कार्ड नसतो. मशीननं हिला मोजली कशी?"

मी ऑफिसात जाऊन पुन्हा बघितलं. राखण, नवी ४.१. धोंडूबाई वजा झाली होती. मी दारातून भाऊंना एक बोट दाखवलं.

शटर परत लावायचं होतं. भाऊंनी ते अर्ध्यावर आणलं आणि थांबले. तीन वर्षांत त्यांनी ते कितीदा लावलं असेल... वाकून त्यांनी आतल्या अंधारात तोंड घातलं.

"किशन... चल रं बाबा. भाईर ये. मी लावतो आता."

लसणाचा वास दाट झाला होता. भाऊंनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं. मनोजनं धोंडूबाईला टेम्पोत घातलं आणि भाऊही तिला धरून दवाखान्यात गेले.

मी सामान आवरायला ऑफिसात आले. दार लावून घेतलं. राखण काढून टाकायचा विचार मी सोडला होता, फक्त एकदा खात्री करावी म्हणून कमांड चालवली. सत्तावीस ओळी 'कळलं नाही'. मग शेवटची, जरा थांबून.

राखण. इथं ४.१. नवी ०.२.