आसऱ्याच्या पट्ट्यातला पतंग

फॉर्तुनाताबाई ताट वाढत होत्या आणि नवऱ्याला, दामासोला, शिव्याही घालत होत्या. "वर्ष झालं, मेल्या! एकदा तरी तोंड दाखव की!"

ताटात चिकट तांदळाची वडी, उसाची दारू आणि दामासोची आवडती विडी. काग्यान नदीकाठच्या त्या गावात मेलेलं माणूस दिव्यावरचा पतंग होऊन येतं, ताटावर बसतं, आणि मगच बायको काळे कपडे उतरवते. दामासो काही आला नव्हता. आज वर्ष भरलं, तरी बाई काळ्यातच. शेजारीण टोमणा मारायची, "रुसलाय तुझा म्हातारा."

खरं कारण लेकीला, रेमेदियोसला ठाऊक होतं. ती शेती कचेरीत होती. मक्याचं नवं बियाणं तिनेच गावाच्या गळी उतरवलं होतं. त्याचं पान खाल्लं की खोडकिड्याची अळी मरते. फवारणी थांबली, बाबांचा खोकला निम्मा झाला. पण याच अळ्यांपासून होणारे, दिव्यावर झेपावून रश्श्यात पडणारे पतंगही गेले.

"आई, पतंगच उरले नाहीत गं. बाबा येणार कशात बसून?"

"मग तू कर सोय! सरकारचा पगार खातेस ना?"

आईचा चेहरा मात्र थट्टेचा नव्हता.  रेमेदियोस बरणी घेऊन निघाली.

नव्या मक्याच्या कडेला जुन्या मक्याचा पट्टा ठेवायचा असा नियम होता. थोडी कीड तिथे सुखाने जगू द्यायची, नाहीतर सगळीच नव्या मक्याला सरावते. याला म्हणायचं आसऱ्याचा पट्टा. गावात कुणी तो ठेवत नसे. तेवढ्या बाबांनी लेकीच्या शब्दाखातर ठेवला होता, आणि ते गेल्यावरही तिने तो राखला होता.

ऊन उतरलं होतं. तिथे पानं भोकाभोकांची, खोडांतून भुसा गळत होता. एका पानाखाली फिकट पिवळा पतंग सापडला. तिने तो अलगद बरणीत घेतला.

शेतातून निघताना आपलंच नाव घेऊन हाक मारायची असते, 'चल, मागे राहू नकोस.' नाहीतर जीव तिथेच रेंगाळतो म्हणतात. रेमेदियोस त्याला हसायची, तरी जन्मभर न चुकता म्हणायची. आज तिने बरणीवर टिचकी मारली आणि लाडाने म्हणाली, "चला बाबा, घरी चला. मागे राहू नका."

वाटेत डास घोंघावत होते. तिला एकही चावला नाही.

अंगणात कुत्रा तिच्याकडे बघून गुरगुरला. मग बरणी हुंगून शेपूट हलवायला लागला.

तिने पतंग सोडला. तो सरळ जाऊन विडीवर बसला.

"आलास!" आई रडत हसत होती. "एवढा उशीर? वाट चुकलास की कुणी भेटली?" तिने डोक्यावरचा काळा रुमाल काढला. वर्षभरात ती पहिल्यांदा पोटभर जेवायला बसली. रेमेदियोसला इतकं बरं वाटलं की तिला पुढचं काही सुचेना.

तिने रश्श्यात मीठ घातलं. पुन्हा घातलं.

"अगं, किती मीठ घेशील?"

"चवच लागत नाही, आई."

आईचा घास हातातच राहिला. "शेतातून निघताना हाक मारलीस ना?"

"मारली."

"कुणाला?"

रेमेदियोसने विडीवरच्या पतंगाकडे पाहिलं.

आई उठली. लेकीचा हात घट्ट धरून तिला बांधावर घेऊन गेली. वारा नव्हता. जुना मका हलत होता, नवा स्तब्ध होता.

"रेमी! चल गं बाळा, घरी चल. मागे राहू नकोस!"

जुन्या मक्याच्या आतून उत्तर आलं. आवाज रेमीचाच होता, लहानपणी खेळातून उठवल्यावर यायचा तसा, थोडा लाडावलेला.

"थांब ना गं आई. बाबांशी बोलतेय."

आईने शेजारी पाहिलं. रेमेदियोसचे ओठ मिटलेले होते.

हळूच, तिला कळू न देता, आईने तिचा हात सोडला.