उजव्या नाकपुडीवरचं गोंदण

डोक्यावर पाटी चढवून देताना माणसाचं तोंड किती जवळ येतं, हे दुष्काळी कामावर ज्यानं माती वाहिली त्यालाच ठाऊक! तेरच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं. पहिल्याच दिवशी शेजारगावच्या उत्तरेश्वरनं भरलेली पाटी मथुरेच्या डोक्यावर दिली, तिनं वर पाहिलं... आणि त्याच्या उजव्या नाकपुडीतलं बारीक भोक तिला दिसलं.

झालं! मथुरेची जीभ कधी थाऱ्यावर असायची?

“अगं बया! नथ कुठं इसरलासा, पावनं?”

बाया खदाखदा हसल्या. उत्तरेश्वरही हसला — पण त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तो पाटी द्यायचा ती मान खाली घालून.

मथुरेला चैन पडेना. महिनाभर ती मुद्दाम त्याच्याच पुढ्यात पाटी धरायची. शेवटी एका दुपारी, भाकरी खाताना, तिनं विचारलंच.

“एवढा राग वो?”

“राग न्हाय...” त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. “माझ्या आदी तीन भावंडं गेली. म्या झालो तवा आयनं नाक टोचून नथनी घातली. पोरगी समजून मरणानं सोडून द्यावं म्हणून.”

“मंग... फसलं मरण?”

“मरण फसलं. पोरी हसत्यात. लग्नाला दोन जागी बघून आलो, दोघी हसूनच नको म्हणाल्या.” तो उठला. “सोमवारी म्या माकणीच्या धरणावर कामाला चाललो.”

मथुरेच्या काळजात चर्र झालं. एका आईनं जीव मुठीत धरून टोचलेलं नाक, आणि आपण दात काढले! तिला स्वतःची लाज वाटली. आणि हा माणूस गेला तर आपल्याला करमायचं नाही, हेही तेव्हाच कळलं.

रविवारी दारात गोंदणारीण आली. मथुरा सुईला इतकी भ्यायची, की दर खेपेला पळ काढायची. न गोंदलेली पोर सासरी कशी धाडायची, म्हणून तिची आई बनाबाई कातावलेली. आज मात्र पोरगी आपणहून पुढ्यात बसली.

“उजव्या नाकपुडीवर ठिपका काढा.”

“उजव्या? बायांची नथ डावीकडं असती की गं!”

“उजव्याच.”

बनाबाईही त्याच तलावावर माती वाहायची; तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि काय ते समजली. पोरगं आपल्यातलं होतं, कष्टाळू होतं. तिनं गोंदणारणीपुढं पसाभर जवारी आणून ठेवली.

सोमवारी उत्तरेश्वर वळकटी घेऊन फाट्यावर उभा होता. मथुरा धापा टाकत आली. नाक टम्म सुजलेलं, त्यावर हिरवा-काळा ठिपका.

“हे काय केलंस?”

“लोकं हसली तर आता दोघांनाबी हसतील.” तिचे डोळे भरून आले. “जाऊ नगा. मला तुमीच पायजे.”

एसटी आली, थांबली, धुरळा उडवत गेली. उत्तरेश्वर तिथंच उभा होता.

“लई दुखतंय?”

“लई.”

“येडी का खुळी तू? जलमभर पुसायचं न्हाय आता ते...”

“ठावं हाय,” मथुरा म्हणाली. “म्हणून तर गोंदलं.”