पश्चिमेकडच्या आठ फरश्या

आखातातल्या अल कुसैसमधल्या त्या फ्लॅटचा हॉल जिप्समच्या पार्टिशनने दुभागलेला होता. पूर्वेला सुलक्षणा, तिचा नवरा भानुदास आणि दहा वर्षांची श्रिया. पश्चिमेला, खिडकीकडच्या आठ फरश्यांत, हैदराबादची म्हातारी बदरुन्निसा शिवणकाम करून चौदा वर्षं एकटी राहत होती. शाळा सुटली की श्रिया तिच्याकडेच पडीक. सुलक्षणाला मात्र एकच ध्यास, लेकीच्या अभ्यासाच्या टेबलापुरती जागा हवी.

एका सकाळी पार्टिशन एक फरशी पश्चिमेला सरकलेलं होतं. स्क्रू घट्ट, रंगावर ओरखडा नाही. सुलक्षणाने फरश्या दोनदा मोजल्या. खोटं कशाला बोला, बरं वाटलं. भानुदास बूट घालता घालता म्हणाला, "आपल्या नशिबात होतं, मिळालं. खलास. कंप्लेंट कशाला करतेस?"

चालत आलेल्या लक्ष्मीला परत कोण धाडतं? संध्याकाळी टेबल आलं.

त्याच आठवड्यात श्रियाला शाळेतून नकाशा करायला दिला होता. अमेरिकेत गोरे वसाहतवाले पश्चिमेकडे कसे सरकत गेले, ते रंगवायचं. ती जमीन देवानेच आपल्याला नेमून दिली आहे असं ते मानत, हे तिने आईला वाचून दाखवलं. मग पार्टिशनकडे बघत म्हणाली, "बट मम्मा, पीपल वेअर ऑलरेडी लिव्हिंग देअर."

"तू रंग भर," सुलक्षणा म्हणाली.

रोज एक फरशी. पाचव्या दिवशी टेबलाशेजारी कपाट आलं. सहाव्या दिवशी पार्टिशन म्हातारीचं दार ओलांडून गेलं आणि ते दार सुलक्षणाच्या खोलीत उघडू लागलं. म्हातारी आता बाहेर कशी येत असेल? विचारावं, तर मिळालेलं परत द्यावं लागेल. पलीकडे शिलाई मशीन चालूच होतं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, शेवटच्या फरशीतली मोजून चार बोटं जागा उरली.

मशीन थांबलं.

सुलक्षणाने बोर्डाला कान लावला.

"खाला, जगह है ना आपको?"

"बहुत जगह है, बेटी." आवाज मोकळ्या माळावरून यावा तसा लांबून आला. "लोग अभी आ ही रहे हैं."

त्या आवाजामागे पावलं वाजत होती. खूप पावलं.

ती झटकन मागे सरली. टेबलावर नकाशा अर्धाच रंगवलेला. खुर्ची रिकामी.

"श्रिया?"

"कमिंग, मम्मा." उत्तर बोर्डापलीकडून आलं, अगदी बारीक. "बट इट्स अ लाँग वॉक."