उदारामजींच्या मनातलं

आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या पुढे दोन कोसांवर एक बाजारगाव आहे. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांची माणसं गेली, ती घरं अजून तिथं नांदताहेत. उदारामजींचं बेचाळीसचं भाषण तुम्हाला पाठ असेल. या भागात कुणाला नाही? ते टिपून घेणारा माणूस मी. नंदलाल, पोलिसांचा लघुलिपी लिहिणारा. सभा असेल तिथं जायचं, बोललेलं शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचं, संध्याकाळी नक्कल करून द्यायची. त्यात मला राग नव्हता की लोभ नव्हता.

त्या दिवशीही तसाच गेलो. धानाची रोवणी संपत आली होती. बाजारभर ओल्या पोत्यांचा आणि चिखलाचा वास कोंदला होता. चिंचेखालच्या पारावर उदारामजी उभे राहिले. पन्नाशीचा, सडपातळ, दोनदा तुरुंग पाहिलेला माणूस. आवाज मात्र असा, की बाजूला बांधलेले बैलही रवंथ करायचे थांबले.

"उद्या ठाण्यावर झेंडा लावाचा! मांगं कोनी पायनार नाही! गोळी आलीच, तं पयली माह्या छातीत!"

लोकांनी बाजार डोक्यावर घेतला. माझी पेन्सिल एकदाही अडली नाही.

दुपारी चारच्या सुमारास डाक बंगल्याच्या व्हरांड्यात नक्कल करायला बसलो. लख्ख ऊन पडलं होतं. पहिली ओळ वाचली आणि वाटलं, भलतंच पान उघडलं. रेघा माझ्याच होत्या, टिंबंही माझीच. पण त्यात होतं...

'पाय लटलट कापून राहिले. लोकायले दिसून तं नाही राहिले? हे काय बोलून राहिलो मी? तोंड थांबत नाही. उद्या पाच जन जातीन. पयला कवडू. मले काही होनार नाही. मले कोनीतरी खाली उतरवा...'

अशी सात पानं. भाषणातलं एक अक्षर नाही. समोरच्या बोडीच्या पाण्यातले बेडूक इतका वेळ ओरडत होते, ते एकाएकी गप्प झाले. मी वही मिटली. तरी ती वाक्यं कानाशी येतच राहिली. आवाज त्यांचाच, फक्त कुजबुजणारा.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. पोलिसांचा माणूस पाहून त्यांच्या पत्नी, सावित्रीबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काऊन आले जी?"

"येऊ दे त्याईले," आतून आवाज आला.

मी वाचून दाखवलं. ऐकता ऐकता उदारामजी भिंतीला टेकत खाली बसले.

"हे मी कोनापाशी बोललो नाही, बाबू..."

"पण मनात होतं?"

"पारावर चढलो तवापासून. पाची जन दिसून राहिले होते... ठाण्यापुढं पडलेले. मले म्हनाचं होतं, येऊ नोका. अन् तोंड भलतंच बोले."

"मग आता सांगा. सगळे अंगणातच आहेत."

अंगणात वीस-पंचवीस जण झेंड्यांच्या काठ्या तासत होते. त्यांत कवडूही होता. रुंद खांद्यांचा, महिन्याभरापूर्वीच बाप झालेला. उदारामजी बाहेर आले, हात जोडले. "उद्या..." एवढं म्हणाले, आणि पुढे तेच भाषण सुरू झालं. तेच चढउतार, त्याच जागी थांबणं. लोक उठून जयजयकार करू लागले. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लोकांना वाटलं, देशासाठी.

"लिहून द्या," म्हणत मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. कागदावरही भाषणच उतरू लागलं. त्यांनी पेन्सिल भिरकावली आणि लहान मुलासारखं माझ्याकडे पाहिलं. सावित्रीबाईंनी सगळं सांगायचा प्रयत्न केला. अंगणातले म्हातारे म्हणाले, बाईचं काळीज, भ्यायचंच. शेवटी मी कवडूचा हात धरला.

"उद्या जाऊ नकोस बाबा."

तो हसला. "पोलिसायचा मानूस दुसरं काय सांगन?"

बाकीचेही हसले. त्यांचं तरी काय चुकलं? मी माघारी येऊन ठाण्याच्या साहेबांना विनवलं, उद्या गोळी चालवू नका. ते एवढंच म्हणाले, "नक्कल कुठे आहे?" तेव्हा पुन्हा पुन्हा ऐकलेलं ते भाषण मी आठवणीतून लिहून दिलं. तुम्हाला पाठ आहे ते तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदारामजी तोंडावर दुपट्टा घट्ट आवळून सगळ्यांच्या पुढे निघाले. ते भाषण पुन्हा तोंडातून निघू नये म्हणून मागची गाठ सावित्रीबाईंनी मारली होती. लोकांना थांबवता येत नव्हतं. निदान पहिली गोळी आपल्यावर घ्यावी, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. मी ठाण्याच्या ओट्यावर होतो. फाटकापाशी येताच ते हात पसरून उभे राहिले. मागच्यांना अडवत होते की समोरच्या बंदुकांना, कोण जाणे.

गोळ्या सुटल्या. पाच जण पडले. पहिला कवडू. उदारामजींना खरचटलंसुद्धा नाही.

त्यांना तिथंच पकडलं. त्यानंतर ते कधी बोलले नाहीत. वर्षभराने तुरुंगातच वारले.

त्याआधी चौकशी बसली होती. जबाब टिपायला मीच होतो. साहेबांनी शपथेवर सांगितलं, मी हुकूम दिलाच नाही. शिपाई एकेक करून म्हणाले, हुकूम ऐकला म्हणूनच चाप ओढला. मग हवालदार श्यामलालला विचारलं गेलं, आवाज कोणाचा होता?

"साहब का नहीं था, हुजूर..." तो हळूच म्हणाला. "हुकुम सामने से आया. वो जो मुँह बाँध के खड़े थे... उनकी आवाज में."

मी मान वर केली नाही. तो हुकूम मीही ऐकला होता. आणि त्या वेळी दुपट्ट्याची गाठ जशीच्या तशी होती.