बोर्डवर नसलेली बस

"मी तिथेच होते," मावशी म्हणाली. "कितीतरी वेळ तुमची वाट बघत होते."

"आणि आम्ही तुझ्या बसची," आजोबा म्हणाले.

ढापण्या दारातच उभा होता. त्याला बोलायची सोय नव्हती. ते ज्या टॅक्सीतून आले तिच्या सीटखाली काहीतरी सडलं होतं आणि त्यावर कुणीतरी स्वस्तातलं अत्तर मारलं होतं. तोंड उघडलं तर आतून काय बाहेर येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो सरळ बेसिनकडे पळाला.

चष्म्यामुळे सगळे त्याला ढापण्या म्हणत. सुट्टीसाठी तो आजोबांबरोबर विमानाने मावशीकडे आला होता. मावशी विमानतळाची बस चालवायची. त्या मार्गावर एकच बस होती, ती तिची, आणि तिच्यातूनच घरी यायचं असं ठरलेलं होतं.

"दारातल्या बोर्डवर लिहिलं होतं, 'विमानतळ बस: सेवा उपलब्ध नाही'," ढापण्या तोंड पुसत परत आला. "आणि एक टॅक्सीवाला म्हणाला, बस बिघडली आणि ड्रायव्हरबाई घरी गेल्या."

"मी घरी गेले?" मावशी थक्क झाली.

"माणूस मात्र गोड हो," आजोबा म्हणाले. "'बाबा, बाबा' करत बॅग स्वतः उचलली त्याने."

"आजोबा, त्या गोड माणसाने ती निळी पाण्याची टाकी आपल्याला दोनदा दाखवली."

"दोन टाक्या असतील रे."

"आणि दोन्ही टाक्यांवर तीच फाटकी जाहिरात?"

आजोबांनी चपला नीट लावायला घेतल्या. मावशी हसली, तिची मुलगी चिंगी मात्र हसली नाही. तिने ढापण्याची बाही धरली, शेजारच्या भोंग्याला हाक मारली आणि दोघांना जिन्यात नेऊन बसवलं.

"डेपोचे साहेब आईला काय म्हणतात माहीत आहे?" ती म्हणाली. "म्हणे विमानतळाची बस रिकामीच फिरते. वर तिथे पोचली की त्यांच्या स्क्रीनवरून गायबच होते. त्यांना वाटतं, आई मुद्दाम यंत्र बंद करते आणि गाडी घेऊन कुठेतरी आराम करते. सोमवारपासून हा मार्ग बंद. आणि आईची बदली, पार दुसऱ्या शहरात."

"म्हणजे तू पण जाणार?" भोंगा म्हणाली. ही मुलगी हळू आवाजात बोलली तरी वरच्या मजल्यावरची दारं उघडत, म्हणून तिचं नाव भोंगा. आत्ताही दोन दारं उघडली. "मग मी भांडायचं कुणाशी?"

चिंगीचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मावशीच्या बसमध्ये बसले. मावशीच्या सीटमागे एक छोटी काळी डबी होती. गाडी कुठे आहे हे ती डबी डेपोतल्या स्क्रीनला आणि विमानतळाच्या बोर्डला कळवायची. तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बाकी बसमध्ये चिटपाखरू नव्हतं.

विमानतळाच्या थांब्यावर टॅक्सी आडव्यातिडव्या उभ्या होत्या. त्यांच्यातून तेल लावून चापून भांग पाडलेला एक माणूस हात जोडत पुढे आला.

"ताई, आजही गर्दीच झाली बघा. तुम्ही आपल्या मागे सावलीत लावा. उन्हात कशाला तुम्हाला त्रास? चहा पाठवतोच."

"हाच तो," ढापण्या सीटखाली वाकून पुटपुटला.

"हा? अरे, किती चांगला माणूस आहे," मावशी गाडी वळवत म्हणाली. "रोज जागा दाखवतो, रोज चहा पाठवतो."

काही लोकांचं बोलणं इतकं गोड असतं की ते ऐकून झाल्यावर हात धुवावेसे वाटतात. मुलांनी त्याचं नाव तिथल्या तिथे साखरकाका ठेवलं.

मावशीने पार्किंगच्या इमारतीमागे गाडी लावली आणि किल्ली काढली. उभ्या गाडीचं इंजिन बंदच पाहिजे, असा डेपोचा कडक नियम होता आणि मावशी नियम मोडणाऱ्यातली नव्हती. इंजिन थांबलं, तसा डबीवरचा हिरवा दिवाही विझला.

"मावशी, हा दिवा गेला," ढापण्या म्हणाला.

"किल्ली काढली की जातोच तो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी ढापण्या आणि भोंगा विमानतळाच्या दाराकडे धावत सुटले होते.

बोर्ड दाराच्या आतल्या बाजूला होता. गाडी सोडून आत यायची मावशीला परवानगी नव्हती, त्यामुळे तिने तो कधी पाहिलाच नव्हता. त्यावर लाल अक्षरं होती: 'विमानतळ बस: सेवा उपलब्ध नाही.' एक बाई कडेवर बाळ घेऊन ती वाचत होती आणि साखरकाका शेजारी उभा राहून काडीने दात कोरत होता.

"मी नाही सांगत हो, बोर्ड सांगतोय," तो म्हणाला. "बाळाला घेऊन किती वेळ उभ्या राहणार?" दात कोरून झाल्यावर त्याच बोटांनी त्याने बाळाचा गाल ओढला. बाळ रडायला लागलं.

बाईला एका टॅक्सीत बसवून साखरकाका आपल्या जोडीदाराकडे वळला. "इंजिन बंद झालं की बोर्ड आंधळा होतो. ताईचा चहा लवकर पाठवत जा रे. चहा मिळाला की ती गाडीतच निवांत बसते."

भोंग्याने श्वास छातीत भरून घेतला. ढापण्याने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं आणि तिला तसंच ओढत बसकडे नेलं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. मग खिडकी सरकवून चहा बाहेर ओतला आणि रुमालाने ओठ पुसले, परत परत पुसले.

"शी," ती म्हणाली. "आणि मी त्याला रोज थँक्यू म्हणत होते."

परत आल्यावर तिघं डेपोत गेले. त्यांनी सगळं सांगितलं तरी साहेबांनी मान वर केली नाही. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर शहरातल्या बस ठिपक्यांसारख्या सरकत होत्या.

"बाळांनो, यंत्र खोटं बोलत नाही."

"माणसं बोलतात ना," चिंगी म्हणाली.

"बोलतात. तुझी आईसुद्धा. कामचुकार लोकांना कारणं बरी सुचतात. तिनेच पढवून पाठवलं ना तुम्हाला?"

चिंगीच्या कानशिलांवरून गरम वारं गेल्यासारखं झालं. साखरकाकाची आली नव्हती एवढी किळस तिला त्या वाक्याची आली.

"तुम्ही कधी तिथे जाऊन पाहिलंत का?" तिने विचारलं.

"कशाला? स्क्रीन आहे की समोर."

"मग उद्या स्क्रीनच बघा," ढापण्या पटकन म्हणाला. "थोडा वेळ. मी इथेच बसेन, काही बोलणार नाही."

ब्याद टळावी म्हणून साहेब हो म्हणाले.

संध्याकाळी बेत ठरला. साखरकाकाच्या टॅक्सीत कुणीतरी बसायला हवं होतं.

"मी बसतो," आजोबा म्हणाले.

"तो ओळखेल ना तुम्हाला."

"नाही ओळखणार. काल त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बॅगेकडेच बघून 'बाबा, बाबा' करत होता." आजोबा हे फार हळू म्हणाले. आपण फसलो हे त्यांना कळून चुकलं होतं आणि ते त्यांना चांगलंच लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ढापण्या साहेबांच्या समोर बसला. टेबलावरच्या फोनवर बसमधून चिंगी बोलत होती. ढापण्याच्या स्वतःच्या फोनवर आजोबांना लावलेला कॉल चालूच होता आणि आजोबा कुठे आहेत हेही नकाशावर दिसत होतं. आजोबांचा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

"साहेब, आमची गाडी दिसते?" चिंगीने विचारलं.

"दिसते. विमानतळावर आहे."

"आई, इंजिन बंद कर. आता?"

"गेली."

"चालू. आता?"

"आली." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा कर बघू."

पुन्हा गेली, पुन्हा आली. ढापण्याने न बोलता आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यातून साखरकाकाचा आवाज आला.

"बस कायमची बंद झाली, बाबा. ती बाई एक नंबरची कामचुकार. खात्याने हाकललं तिला."

आपलाच शब्द त्या तोंडातून ऐकताना साहेबांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला.

नकाशावर आजोबांचा ठिपका निघाला. निळ्या टाकीला वळसा घातला. थोडा पुढे गेला आणि पुन्हा टाकीकडे आला.

"ही टाकी मघाशी पाहिली ना आपण?" फोनमधून आजोबांनी विचारलं.

"ती वेगळी, बाबा. या भागात टाक्या फार."

साहेबांनी फोन उचलला. "आजोबा, मला जरा त्याच्याशी बोलू द्या." मग आवाज चढवून म्हणाले, "मी बस डेपोतून बोलतोय. तुझी गाडी मला दिसते आहे. गुमान विमानतळाच्या पोलीस चौकीवर ये. आणि त्या टाकीला तिसरा वळसा घालू नकोस, तीच टाकी आहे ती."

फोनमधून टॅक्सी करकचून थांबल्याचा आवाज आला. मग साखरेत घोळलेला आवाज, "साहेब, काहीतरी गैरसमज झाला तुमचा."

तिकडे विमानतळावर, मावशीने इंजिन बंद केलं नव्हतं. बोर्डवर पहिल्यांदाच लिहून आलं, 'विमानतळ बस: थांब्यावर.' दाराशी दबा धरून बसलेल्या भोंग्याने आता तोंड उघडलं.

"बस आहे! पार्किंगच्या मागे उभी आहे! चला माझ्याबरोबर!"

सामान तपासणारा शिपाईसुद्धा दचकला. लोक बॅगा खडखडवत तिच्यामागे निघाले. तेवढ्यात मावशीने गाडी थेट थांब्यासमोर आणली आणि तिथल्या टॅक्सी हलेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

साहेब ढापण्याला मागे बसवून स्कूटरवरून आले, तेव्हा बस खच्चून भरली होती. चौकीत साखरकाका आणि त्याचा जोडीदार एकमेकांकडे बोट दाखवत होते. पोलिसांनी दोघांचे परवाने काढून घेतले. पुढे ती बाळाची आईसुद्धा पोलिसांनी शोधून काढली. तिच्या बाळाला त्या दिवशी औषध द्यायला उशीर झाला होता, हे ऐकल्यावर आजोबा साखरकाकाला माणूस म्हणेनासे झाले.

"शाबास," साहेब मुलांना म्हणाले. "आमचं एवढं मोठं खातं, आणि हे तुम्हाला दिसलं. मार्ग बंद होणार नाही. इंजिनाचा नियम मीच काढला होता, तो मीच बदलतो. तुमचा डेपोत सत्कार करू."

भोंग्याचा चेहरा फुलला. चिंगी मात्र तशीच उभी राहिली.

"सत्कार नको," ती म्हणाली. "तुम्ही आईला कामचुकार म्हणालात. आमच्यासमोर म्हणालात."

आजोबांनी खाकरून दुसरीकडे पाहिलं. साहेबांनी घाम पुसला. मग ते बसच्या पायरीवर चढले. आत सगळे प्रवासी बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला नको ते बोललो. न बघता बोललो. माझं चुकलं."

मावशीने स्टिअरिंगवरचे हात हलवले नाहीत.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "गाडी सुटायची वेळ झालीय, साहेब. पायरीत उभं राहू नका. येणार असाल तर आत या."

स्कूटर तिथेच राहू देऊन साहेब आत गेले. बसायला जागा नव्हती, म्हणून डेपोपर्यंत दांडा धरून उभ्यानेच आले.