हिरवी पुडी, नारिंगी गॉगल

"ग्वोला धर," सुंग मास्तर चौकीत येऊन म्हणाले. "माझ्या नातीचे डोळे घेतलेत त्याने."

सार्जंट येन लि-चू चहा ओतत होती. हूवेई गावच्या चौकीत सकाळी नऊला माणसं येतात ती हरवलेल्या स्कूटरची नाहीतर शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार घेऊन. तिने किटली खाली ठेवली.

"बसा मास्तर. पेई-यूला काय झालं?"

"बसायला वेळ नाही. काल दुपारी ग्वोच्या वर्कशॉपमध्ये तो लेझर तिच्या डोळ्यांत गेला. समोरचं काही दिसत नाही पोरीला. मी तिची सगळी काळजी घेतली होती, लिचू. सगळी. त्याने त्या यंत्राला काहीतरी केलं असणार."

मास्तर ऐंशीचे. हातबाहुल्यांची लाकडी मुंडकी कोरण्यात त्यांची हयात गेली. देवळापुढे त्यांच्या बाहुल्यांचे खेळ बघतच येन लहानाची मोठी झाली होती, म्हणून पोलिसाच्या गणवेशातही ती त्यांची लिचूच. सहा वर्षांपूर्वी मास्तरांचे हात कापायला लागले. तेव्हापासून मुंडकी शिष्य कोरत आणि चेहरे नात रंगवी. बाहुलीचा डोळा म्हणजे केसाएवढ्या ब्रशची एकच रेघ. ती चुकली तर राजाचा विदूषक होतो. अख्ख्या गावात ती रेघ आता एकट्या पेई-यूच्या हातात होती.

"तिला परत दिसेल ना?" मास्तरांनी विचारलं.

येनने टोपी उचलली.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता आणि खरं बोलत होता.

"डोळ्याच्या पडद्यावर मधोमध चटका बसलाय. उजव्यात मोठा, डाव्यात लहान."

"ऑपरेशन?"

"नाही."

"औषध?"

"सूज उतरायला देतोय. उतरली तर कडेचं थोडं सुधारेल. मधलं गेलं ते गेलं. आजोबा सकाळपासून चारदा विचारून गेले. मी पाचव्यांदा तरी वेगळं काय सांगू?"

पेई-यू खाटेवर बसली होती. सव्वीस वर्षांची, लहान चणीची. येनकडे बघायला तिने मान बाजूला वळवली, कोंबडी बघते तशी.

"सरळ बघितलं तर तुम्हाला नाक नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "कान छान दिसतात."

येनला हसता आलं नाही. "काय झालं ते सांग."

"खेळाच्या पडद्यासाठी लाकडाची जाळी कापत होते. यंत्र नीट चाललं होतं."

"निळ्या किरणाचं ना ते?"

"हो."

"गॉगल घातला होतास?"

"हो. तिथलाच, नारिंगी."

"मी रंग नव्हता विचारला."

"तुम्ही पुढे विचारला असतात." तिने पांघरुणाची कड मुडपली.

"मग?"

"यंत्राच्या दांडीला पुडी बांधलेली असते ना, आजोबांनी रविवारी नवीकोरी आणून बांधली होती. ती घसरून खाली लोंबायला लागली. एवढी हिरवीगार, लगेच लक्ष गेलं. नीट करायला वाकले आणि सगळं पांढरं झालं. मग मधोमध नाण्याएवढा काळा डाग. तो जातच नाही."

पुडीचं येनला नवल नव्हतं. आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्याच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी आलीच. बँकेत, इस्पितळात, चौकीच्या कॉम्प्युटरवरसुद्धा. पुडी असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. मात्र ती हिरवीच हवी आणि मुदतीतली हवी. लाल-पिवळी ठेवली की यंत्र रुसतं, असं शिकलेसवरलेले इंजिनियरही म्हणतात, आणि कोणी ऐकतंय का ते आधी बघून घेतात.

ग्वो चिंग-यांग वर्कशॉपच्या पुढच्या खोलीत स्कूटर दुरुस्त करी आणि मागची खोली हौशी लोकांना वापरायला देई. माणूस एरवी बडबड्या. आज त्याला तोंड उघडायला लावावं लागत होतं.

"मास्तर म्हणतात, तू यंत्राला काही केलंस."

"काही केलं नाही हीच चूक झाली, मॅडम. त्याला झाकण हवं होतं. वर्षभर करू करू म्हणतोय."

यंत्र उघडंच होतं: चौकट, दांडी, दांडीवर सरकणारा लेझर. पुडी अजून लोंबत होती. येनने तिचं खालचं टोक उलटून बघितलं. बोटभर लांब जळकी रेघ होती. हिरवा रंग जळाला होता आणि आतली चंदेरी बाजू उघडी पडून आरशासारखी चकाकत होती.

"किरण पुडीवर पडला आणि उलटून तिच्या तोंडावर आला."

"हो."

"पण गॉगल होता म्हणते ती."

"होता. तो काय, खिळ्यावर."

खिळ्यावर नारिंगी गॉगल होता. येनने काढून बघितला. रबरी पट्टा कडक झाला होता आणि काचांवर बारीक धूळ होती. तिने तो फडक्याने पुसला.

"काल वापरला हा?"

"काल."

"स्कूटरच्या दुकानात धूळ फार बसते म्हणायची."

ग्वोने हातातला पाना उगाच पुसला. "फार बसते."

येनने गॉगल घातला आणि यंत्राकडे बघितलं. पुडी कुठे गेली म्हणून ती क्षणभर शोधत राहिली. मग तिने गॉगल काढला, परत घातला, परत काढला. ग्वो खाली बघत होता.

"मास्तर इथे येतात का रे?"

"रोज. नातीला डबा आणतात आणि मला शिव्या देतात."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. यंत्राच्या तोंडासमोर नारिंगी काय टांगलंयस, म्हणून. मी म्हटलं, आजोबा, ते शोभेचं नाही." तो एकदम थांबला.

"पुढे?"

"पुढे काही नाही. लिहून घ्या मॅडम, झाकण नव्हतं, दोष माझा. मी सही करतो."

एवढ्या हौसेने सही करणारा माणूस येनने नोकरीच्या तेवीस वर्षांत पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेई-यूला घरी सोडलं. येनने तिला आणि मास्तरांना वाटेतच वर्कशॉपमध्ये आणलं. मास्तर ग्वोकडे पाठ करून बसले.

"मास्तर, एक करा," येन म्हणाली. "हा गॉगल घाला आणि पुडी कुठे आहे दाखवा."

"मॅडम, नको," पेई-यू म्हणाली.

मास्तरांनी कापत्या हातांनी नारिंगी गॉगल चढवला. "कुठेय? इथे काहीतरी काळं लोंबतंय."

"तीच पुडी. निळा किरण अडवायचा तर हा गॉगल हिरवंही अडवतो. यातून हिरवं काळं दिसतं." ती पेई-यूकडे वळली. "तू म्हणालीस, पुडी हिरवीगार दिसली. म्हणजे हा गॉगल तुझ्या डोळ्यांवर नव्हता. दुसरा कुठला तरी होता, आणि रंगाचं खोटं तू मी विचारायच्या आधी बोललीस. इथे हा धुळीत पडून होता, आणि ग्वोला तुरुंगाची घाई झाली होती. दोघं मिळून तिसऱ्याला झाकत होतात."

मास्तरांनी गॉगल काढून येनच्या हातात दिला.

"ग्वो, दुसरा गॉगल कुठे आहे?"

ग्वो पेई-यूकडे बघत राहिला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने मान हलवली, नको म्हणून.

"मॅडम, माझ्या नावावर मिटवा ना," ग्वो म्हणाला. "माझं काय जातंय?"

येनलाही तेच करावंसं वाटत होतं. रात्रभर तिने तोच विचार केला होता. म्हाताऱ्याचं वय ऐंशी. कळून त्याचं भलं काय होणार? जाऊ दे, असं ती जवळजवळ म्हणालीच.

"तो हिरवा का?" मास्तर म्हणाले. "तो शोधताय होय? मीच आणून दिला. त्यात झाकायचं काय?"

पेई-यूने डोळे मिटले.

"कधी आणलात?" येनने विचारलं.

"रविवारी, पुडीबरोबर. बाजारात मिळाला. वर लेझर लिहिलेलं होतं, मी वाचून घेतला. यंत्राला हिरवंच लागतं. हा ग्वो शिकलेला असून ऐकत नव्हता, म्हणून मी पेई-यूला म्हटलं, तो नारिंगी टाकून दे, हा घाल."

"एकच घेतलात?"

"सहा. सोमवारी वाटले. इथे कामाला येतात ना ती पाच जणं, त्यांना."

आता गप्प बसायची सोय राहिली नव्हती. आणखी पाच माणसं होती, आणि त्यांच्याकडे दहा डोळे.

ग्वोने कोपऱ्यातल्या जुन्या स्कूटरची सीट उचलून आतला हिरवा गॉगल येनच्या हातात दिला.

"मास्तर, हा गॉगल खोटा नाही," ती सावकाश म्हणाली. "पण हा लाल किरणासाठी आहे. लाल अडवतो. निळा यातून आरपार जातो. यंत्र निळ्याचं आहे."

मास्तर ऐकत होते.

"पुडी कोणी बांधली?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तुम्ही."

"आणि गॉगल मी दिला."

"आजोबा, मी 'नाही' म्हणू शकले असते," पेई-यू म्हणाली. "नारिंगी कशासाठी असतो ते मला माहीत होतं. तुम्ही एवढ्या हौसेने आणलात. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय."

"म्हणजे मी काल सकाळी चौकीत गेलो," मास्तर म्हणाले, "आणि याला धर म्हणून सांगितलं." ते ग्वोकडे वळले. ग्वोने घाईघाईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. पाणी अर्धं सांडलं.

"लिचू, माझे डोळे चांगले आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. माझा पडदा काढून हिला बसवता येईल?"

"नाही येत, मास्तर."

"तू डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं." तिने खरंच विचारलं होतं.

मग ते उठले आणि म्हणाले, "चल, ते पाच गोळा करू." येन म्हणाली की शिपाई पाठवते. ते ऐकेनात. दोघं दारोदार फिरली. प्रत्येक दारात मास्तर स्वतः म्हणाले, "मी दिलेला गॉगल परत दे. माझी चूक झाली. माझ्या पोरीचं काय झालंय बघ." चार घरी गॉगल पिशवीतच होते. पाचव्या घरी, खाटकाच्या मुलाने, तो अपघाताच्या आदल्या दिवशी घालून यंत्राला हात लावला होता, पण वीज गेली म्हणून परत आला होता. वीज गेल्याबद्दल मास्तरांनी त्याच्या दारातच हात जोडले.

गुन्हा नोंदवायला कोणी उरलं नव्हतं. येनने कागदावर 'अपघात' लिहिलं आणि आठवड्याने सही घ्यायला सुंगांच्या घरी गेली.

पेई-यू खिडकीशी बसली होती. हातात सेनापतीचं मुंडकं होतं, एक डोळा अपघाताआधी रंगवलेला, दुसरी जागा कोरी पांढरी. ब्रश बुडवलेला होता. मास्तर तिच्या खांद्याशी वाकून बसले होते.

"माझे हात चालत नाहीत आणि हिला रेघ दिसत नाही," ते येनला म्हणाले. "दोघं मिळून एक माणूस होतो का बघतोय."

"सांगा आजोबा."

"थोडं डावीकडे. अजून. खाली. हां, टेकव. आता उजवीकडे ओढ, वर घेत घेत."

तिने श्वास धरून रेघ ओढली. हात जराही कापला नाही. रेघ सुंदर होती, एका दमात ओढलेली, आणि डोळ्याच्या जागेवरून उतरून सेनापतीच्या गालावर गेली होती.

मास्तर ती रेघ बघत राहिले. त्यांचे डोळे खरंच चांगले होते.

"बरोबर आली?" पेई-यूने विचारलं.

"बरोबर आली," मास्तर म्हणाले.

तिने येनच्या दिशेने मान वाकडी केली. "मॅडम, खरंच?"

येनचा जन्म लोकांकडून खरं काढण्यात गेला होता. तिने कागद गुंडाळून खिशात घातला.

"हो," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारखी."